काळं दिसलं की रंग

आमच्या भागात पाठीत एका बाजूला कळ आली की तो मुतखडाच. डॉक्टरकडे यायच्या आधीच निदान झालेलं असतं. सासूला होता, दिराला होता, शेजारच्या मास्तरांचा तर दोनदा पडला, म्हणजे आता आपली पाळी. पानफुटीची पानं चावून झालेली असतात, कुळथाचं पाणी पिऊन झालेलं असतं, आणि एवढं करूनही कळ थांबली नाही की माणूस कमरेत वाकून, घामाघूम होऊन आमच्या दारात येतो आणि सांगतो, "बाई, मुतखडा हाये, फक्त सुई द्या." निदान त्याचं, उपचारही त्याचाच, मी नुसती सुई टोचणारी. माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. सुरुवातीची काही वर्षं मी अशा लोकांशी चक्क भांडायची. पुढे लक्षात आलं की बहुतेक वेळा तेच बरोबर असतात, आणि भांडून माझाच रक्तदाब वाढतो. पण कधीतरी एखादा माणूस असा येतो की त्याला मुतखडा नसतो. अशाच एका बाईबद्दल मला लिहायचं आहे.

वर्ध्याच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात माझी सगळी नोकरी गेली. पाटीवर लिहिलेलं आपत्कालीन विभाग. लोकांच्या तोंडी क्याजल्टी. आर्वीपासून समुद्रपूरपर्यंत कुठे कोणी पडलं, विंचू चावला, ऊन लागलं, छातीत दुखलं की गाडी आमच्या उतारावर येऊन थांबायची. बाहेरच्यांना वाटतं आम्ही रोगी बरे करतो. तसं काही नाही. समोरचा माणूस पुढच्या तासाभरात दगावेल का, आणि दगावणार असेल तर कशाने, एवढंच आम्ही शोधतो. बरं करण्याचं श्रेय वरच्या मजल्यावरचे डॉक्टर घेतात. आमच्या वाट्याला शिव्या येतात आणि कधीमधी एखादी पिशवीभर संत्री.

सोनोग्राफीचं मशीन आमच्या विभागात आलं तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. त्याआधी पोटात काय चाललंय हे हाताने दाबून आणि अंदाजाने कळायचं, किंवा रोग्याला स्ट्रेचरवर घालून पलीकडच्या इमारतीत न्यावं लागायचं. वाटेतच त्याचं काही बरंवाईट झालं तर न्यायचं कुठे आणि आणायचं कुठे! आता मशीन रोग्यापासून चार पावलांवर आलं. जेली लावायची, हातातला तो ठोकळा पोटावर टेकवायचा आणि पडद्यावर बघायचं. लहान मुलाला खेळणं मिळावं तशी मी पहिले काही महिने जो येईल त्याचं पोट बघत होते.

मशीनला चाकं होती, पण ते आमच्या कोपऱ्यातल्या खोलीतून हलवायचं नाही. मुलगा की मुलगी हे बघून पोटातल्या मुली मारायचं पाप या देशात एवढं झालं की सरकारने कायदा कडक केला. मशीन कुठल्या खोलीत, वापरणार कोण, सगळं नोंदलेलं. खोलीबाहेर नेलं तर मशीनला सील आणि डॉक्टरला कोर्ट. भिंतीवर तसा बोर्ड होता, मोठ्या अक्षरांत. तरी एकदा एका सुनेचं पित्ताशय तपासत होते, तर सासू माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. मी बोर्डाकडे बोट दाखवलं, तर म्हणाली, ते नाई हो, सहज पाहून राह्यली. मी तिला बाहेर काढलं आणि सून पोट दुखत असतानाही हसली.

त्या पडद्यापाशी माणसं काय काय बोलायची. पिपरी मेघेचे एक निवृत्त साहेब दर दोन महिन्यांनी यायचे. काही दुखत नसायचं. जुने सगळे रिपोर्ट एका थैलीत घालून आणायचे आणि म्हणायचे, मॅडम, एकदा सगळी बॉडी चेक करून टाका. क्याजल्टी म्हणजे गाडी धुवायचं सेंटर नव्हे, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. आणि एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी त्याचं हृदय पडद्यावर हलताना दाखवलं, तर तो बराच वेळ बघत राहिला, मग पडद्याला हात जोडले आणि विचारलं, हे रातीबी चालूच राह्यते काय? हो म्हटल्यावर त्याने सदऱ्याची गुंडी लावली.

या खोलीवर खरं राज्य होतं चंद्रकलामावशींचं. मावशी म्हणजे आमच्या विभागातल्या परिचर. पडदा ओढायचा, बाईमाणसाची साडी सावरायची, थंडीत जेलीची बाटली कोमट पाण्यात ठेवायची आणि तपासणी झाली की पोटावरची जेली पुसायची, हे त्यांचं काम. शाळा सातवीपर्यंत. पण मी शिकाऊ डॉक्टरांना जे जे शिकवलं ते सगळं त्यांनी माझ्या मागे उभं राहून, दहा-बारा वर्षं रोज ऐकलं होतं. मला ते कधी जाणवलंही नव्हतं. पुसणारा माणूस ऐकत असतो हे आपल्या लक्षातच येत नाही.

शिकवताना माझं एक पालुपद होतं: काळं दिसलं की रंग. याचा अर्थ सोपा आहे. या पडद्यावर पातळ असेल ते सगळं काळं दिसतं. पाणी काळं, लघवी काळी, रक्तही काळंच. म्हणजे मूत्रपिंडाजवळ गोल काळं काही दिसलं तर ती पाण्याची निरुपद्रवी गाठ असेल, जी पुष्कळांना असते आणि जिचं काही करावं लागत नाही. किंवा ती रक्ताने भरलेली धमनी असेल. नुसतं बघून सांगता येत नाही. मशीनवर एक बटण असतं. ते दाबलं की वाहणारं रक्त लाल-निळं दिसतं आणि साचलेलं पाणी काळंच राहतं. एक बटण आणि एक मिनिट. एवढंच काम.

हे पालुपद मी कुठून आणलं तेही सांगते, कारण ते पुस्तकातून आलेलं नाही. मशीन यायच्या बऱ्याच आधीची गोष्ट. सातव्या महिन्यातली एक मुलगी पाठीत कळ येते म्हणून आली. आम्ही सगळ्यांनी मुतखडा म्हटलं, मीही म्हटलं. सुई दिली, सलाइन लावलं. तासाभरात ती पांढरी पडली आणि आमच्या डोळ्यांदेखत गेली. बाळही गेलं. शवविच्छेदन करणाऱ्या सरांनी मला बोलावून दाखवलं. मूत्रपिंडाला रक्त नेणारी जी धमनी असते तिची भिंत एका जागी कमजोर होऊन तिथे फुगा आला होता, सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो तसा. तो फुटला होता. सर म्हणाले, हे फार क्वचित दिसतं, तुमचा दोष नाही. दोष नसेल, पण तिची आई दाराशी बसून होती आणि तिला जाऊन सांगायचं काम माझं होतं. ती मुलगी मी विसरले नाही. मशीन आल्यावर पहिली शपथ तिच्या नावाने घेतली.

आणि मग चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी ती शपथ मोडली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

वर्ध्याचा मे म्हणजे सांगायलाच नको. ऊन लागलेल्या माणसांनी आमच्या खाटा भरलेल्या. बर्फाच्या पट्ट्या, ओली फडकी, पंख्यांचा आवाज. मुतखड्याचाही हाच हंगाम, घाम जातो आणि पाणी कोणी पीत नाही. अशात सकाळी अकराच्या सुमारास गिरडहून वनिता आली, सोबत नवरा प्रमोद. वय असेल पस्तीस-छत्तीस. तिथल्या दर्ग्याच्या टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं, ते बंद ठेवून दोघं आले होते. रात्रीपासून डाव्या बाजूला कळ, एकदा लघवीत किंचित रक्त. घरात सगळ्यांना मुतखडे, तेव्हा हाही तोच, असं प्रमोदने मला समजावून सांगितलं.

रक्तदाब फार होता. या वयात एवढा नसतो. दुखण्याने वाढला असेल, असं मी म्हटलं. असंही होतं, पण मग दुखणं थांबल्यावर तो पुन्हा बघायचा असतो. सुईने तिला आराम पडला. मी तिला खोलीत घेतलं, जेली लावली. मूत्रपिंड जरासं सुजलेलं. आणि त्याच्या शेजारी एक गोल काळं. बटणाकडे माझा हात निघालाच होता, तेवढ्यात बाहेरून ज्युनिअर ओरडली की ऊन लागलेल्या म्हाताऱ्याला झटके येतायत. मी ठोकळा ठेवला आणि पळाले. म्हातारा सावरला. परत आले तेव्हा डोक्यात दुसरंच होतं. मी वनिताच्या कागदावर लिहिलं: मुतखड्याची शंका, मूत्रपिंडाजवळ साधी पाण्याची गाठ, काळजीचं कारण नाही. गोळ्या दिल्या, पाणी भरपूर पी म्हटलं, आठ दिवसांनी ये म्हटलं. ती नमस्कार करून गेली. आमच्याकडे नमस्कार करून जाणारे कमीच, म्हणून लक्षात राहिलं.

साडेबाराला जरा उसंत मिळाली. मी चहा घेऊन बसले होते. मावशी ठोकळा पुसत होत्या. माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाल्या, "बाई, त्या गिरडच्या बाईले तुमी रंग नाई लावला."

आता माझ्या तोंडून काय निघालं ते लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हणाले, "मावशी, तुम्ही पुसायचं काम करा."

त्या ठोकळा पुसत राहिल्या. मी चहाचा कप बाजूला ठेवला. राग त्यांचा नव्हताच. त्या बोलल्या त्याच क्षणी मला कळलं होतं की त्या खरं बोलतायत. उठून मशीनमध्ये साठवलेलं तिचं चित्र काढलं. पाण्याची गाठ बहुधा मूत्रपिंडाच्या कडेला असते. हिची काळी जागा बरोबर मुळाशी होती, जिथून धमनी आत शिरते तिथे. आणि वर तो रक्तदाब. त्या बाईच्या पोटात कदाचित एक फुगा होता आणि मी तिला काळजीचं कारण नाही असं लिहून, गिरडपर्यंतच्या रस्त्यावर एसटीत आदळत जायला सोडलं होतं.

कागदावर प्रमोदचा फोन नंबर होता. तो बंद. पुन्हा लावला, बंद. दोन्ही रुग्णवाहिका बाहेर गेलेल्या. मशीन घेऊन त्यांच्या मागे जायचं तर कायदा आडवा. तिलाच परत आणायला हवं होतं. मावशींनी पदराला हात पुसले आणि आपला फोन काढला. त्यांचा भाऊ बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायचा. त्या त्याला म्हणाल्या, गिरडच्या गाडीत वनिता नावाची बाई बसली असंन त तिले उतरू देऊ नको, अन् गाडीले सोडूबी नको, आमी येऊन राह्यलो. भावाने विचारलं असावं की कोणाच्या सांगण्यावरून. मावशी म्हणाल्या, "माह्या."

ज्युनिअर म्हणाली, मॅडम, कोणालातरी पाठवा, तुम्ही कशाला जाता? मी तिच्यावर विभाग सोपवला आणि निघाले. फाटकात ऑटो मिळाला. बसून बघते तर मावशी आधीच आत. उन्हाची झळ तोंडावर येत होती. निम्म्या वाटेत मी कसंबसं म्हटलं, मावशी, मघाशी चुकलं माझं. मावशी समोरच बघत होत्या. म्हणाल्या, "ते मंग पाहू. आदी बाई भेटली पाह्यजे."

स्टँडवर पोहोचतो तर लाउडस्पीकरवर घोषणा चालू होती. गिरडच्या वनिताबाई जिथं असतील तिथं बसून राहावं, हलू नये, डॉक्टरीणबाई येऊन राह्यल्या. मावशींचा भाऊ हे वाक्य न थांबता म्हणत होता. सगळा स्टँड आमच्याकडे बघत होता. एरवी मला हसू आलं असतं. गिरडची गाडी उभी होती, इंजिन चालू, ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात टेकून वैतागलेला, आणि आतले पन्नास जण त्याच्याहून वैतागलेले. मी पांढऱ्या कोटात आत चढले. वनिता मधल्या बाकावर खिडकीशी बसली होती, पिशवी मांडीवर, चेहरा घाबरलेला. गाडीभर माणसं तिच्याकडे चोरासारखी बघत होती.

मी म्हटलं, उतर, तपास अर्धा राहिला आहे. प्रमोद उठून उभा राहिला. भला माणूस, पण सकाळपासून उपाशी होता. म्हणाला, "सकाळी तुमीच म्हनलं साधी गाठ हाये. आता काऊन?"

याचं खरं उत्तर माझ्याकडे होतं. मला ते गाडीत देता आलं नाही. घाबरून तिचा रक्तदाब आणखी वाढला तर, हे एक कारण. दुसरं कारण सांगते: पन्नास माणसांसमोर मी चुकले म्हणायची हिंमत झाली नाही. मी परत तेच म्हटलं, तपास अर्धा राहिला, उद्यावर टाकू नये. तो म्हणाला, उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने येतो. पोरीला शेजारी ठेवून आलो, ती वाट बघत असेल. मागच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली, पोरगा-पोरगी पाहाले नेऊन राह्यल्या का काय? मी वळून तिला सांगितलं की आजी, ते बघणारे जेलमध्ये जातात. गाडीत कोणीतरी हसलं. ड्रायव्हरने गिअर टाकला. मी वनिताच्या हाताला धरून म्हटलं, उतर बाई. तेवढं एकच बोलायचं उरलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग नवऱ्याला काही न विचारता उठली आणि पिशवी घेऊन उतरली. तो तिच्या मागे उतरला. गाडी गेली.

खोलीत आणून मी तिला परत झोपवलं. मावशींनी जेली लावली. तेच मूत्रपिंड, तेच गोल काळं. मी बटण दाबलं. तो काळा गोळा आतून लाल-निळ्याने भरला. ताक घुसळावं तसं रक्त आत गरगरत होतं. लहान लिंबाएवढा फुगा, बरोबर धमनीवर. माझ्या मागे मावशी "अगो माय" म्हणाल्या, तेही तोंडातल्या तोंडात. मी पडद्याकडे बघत होते आणि मला एवढंच वाटत होतं की देवा, अजून फुटलेला नाही. देव मी एरवी मानत नाही.

पुढचं सगळं घाईचं. रक्तदाब औषधाने सावकाश खाली आणला. सीटी स्कॅनने तेच सांगितलं. प्रमोदला मी बाहेर नेऊन फुग्याची गोष्ट समजावली. तेव्हाही मी म्हटलं की आधी नीट दिसलं नव्हतं. दिसलं होतं. मी बघितलं नव्हतं. रुग्णवाहिका परतली तशी तिला नागपूरला हलवलं. तिथल्या डॉक्टरांनी मांडीतल्या धमनीतून बारीक नळी वर नेली आणि त्या फुग्यात तारांची वेटोळी भरून तो कायमचा बंद केला. पोट फाडावं लागलं नाही, मूत्रपिंडही वाचलं. त्यांनी फोनवर मला शाबासकी दिली. तुमच्याकडे क्याजल्टीत पकडलं म्हणजे कमाल आहे, म्हणाले. मी त्यांना सांगितलं की पकडलं ते आमच्या चंद्रकलामावशींनी. त्यांना वाटलं मी विनय दाखवतेय.

आमच्या प्रमुखांना मात्र मी दुसऱ्याच दिवशी सगळं जसंच्या तसं लिहून दिलं, पहिल्या कागदासकट. शिकाऊ डॉक्टरांना एकत्र बसवून सांगितलं. मावशींची माफी सगळ्यांसमोर मागितली. मावशी संकोचून गेल्या, म्हणाल्या, असू द्या हो बाई, कामाच्या गर्दीत होते. मग मी त्यांना एक काम दिलं, जे आजही आमच्या विभागात चालू आहे. तपासणी संपली की मावशी कापूस हातात घेऊन उभ्या राहतात आणि विचारतात, "रंग?" डॉक्टरने हो म्हटल्याशिवाय जेली पुसायची नाही. मोठे साहेब असले तरी नाही. नवीन आलेल्या एका साहेबांना हे अपमानास्पद वाटलं. त्यांच्या रोग्याच्या पोटावर जेली तशीच वाळत राहिली, शेवटी त्यांनी निमूट बटण दाबलं. त्यानंतर माझ्या नोकरीत मी शेकडो काळ्या गोळ्यांना रंग लावला. सगळं पाणीच निघालं. एकदाही तसा फुगा पुन्हा दिसला नाही. कंटाळा आला नाही असं म्हणणार नाही. आला, पण लावला.

इतक्या जणांना सांगितलं, पण ज्या बाईला सांगायला हवं होतं तिलाच सांगितलं नाही. वनिता दर सहा महिन्यांनी दाखवायला यायची. नागपूरच्या डॉक्टरांनी जवळ कुठेही तपासा म्हटलं, तर ती माझ्याकडेच यायची. येताना माझ्यासाठी आणि मावशींसाठी बांगड्या आणायची, माप न विचारता आणि अगदी बरोबर बसणाऱ्या. बाई, तुमच्यामुळं माही पोरगी आईबिगर नाई राह्यली, असं म्हणायची. ते ऐकलं की माझ्या अंगावर काटा यायचा, आणि तो अभिमानाचा नसायचा. प्रत्येक वेळी मी ठरवायची की आज सांगू. ती तोंड भरून बोलत असायची आणि माझी जीभ उचलत नसे. तिचा विश्वास गेला तर ती तपासायला यायची बंद होईल, अशी मी स्वतःची समजूत घालायची. भित्रेपणाला कारण सापडायला वेळ लागत नाही.

गेल्या वर्षी माझ्या नोकरीचा शेवटचा आठवडा चालू होता तेव्हा ती आली. मी तपासलं. तारांची वेटोळी पडद्यावर पांढरी चमकत होती. रंग लावला, आजूबाजूला रक्त नीट वाहत होतं, फुग्यात काही नाही. मावशींनी विचारलं, मी हो म्हटलं, त्यांनी जेली पुसली आणि त्या बाहेर गेल्या. आता पुढच्या वेळी मी इथे नसणार होते. मी स्टूलवर बसले आणि म्हणाले, "वनिता, पहिल्या वेळीच ती गाठ मला दिसली होती. मी तपास अर्धा सोडला आणि तुला घरी पाठवलं. चूक माझी होती. तू वाटेत मेली असतीस."

ती निऱ्या नीट करत होती. हात थांबले नाहीत. म्हणाली, "मले मालूम हाये."

मला वाटलं मावशींनी सांगितलं असेल. विचारलं, तर नाही म्हणाली. "बसमदी तुमी माहा हात धरला होता नं, उतर म्हनून. दिवसभर बायांचे हात धरतो मी, बाई. बांगडी भरताना समजते, कोणाच्या मनात काय हाये ते. तुमचा हात थंडा पडला होता अन् थरथरून राह्यला होता. मी तवाच समजली का या बाईकून काहीतरी मोठं चुकलं हाये."

मी म्हटलं, "मग उतरलीस कशी? चुकणाऱ्या डॉक्टरच्या मागे?"

तिने पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली. म्हणाली, "माह्यासाठी तसा कोणाचाच हात नोता थरथरला कधी. म्हनूनच त उतरली."

तिचा हात धरून मी तशीच बसून राहिले. बाहेरून ज्युनिअर दोनदा डोकावून गेली. तिला मी थांब म्हटलं.